तळ्यावरचे शेवाळ कोणते?

रत्नागिरी-मालवणकडे सहलीला गेलेल्या पोरांनी समुद्रकाठच्या खडकावरचे हिरवेगार, पातळ, पालेभाजीच्या पानासारखे काहीतरी आणून दाखवले असेल. शास्त्रात त्याला 'उल्वा' म्हणतात. पान उजेडात धरा, आरपार दिसते. जाडी अवघी दोन पेशींची. आपल्या विहिरीतले तंतूंचे शेवाळही हिरव्या शेवाळांतलेच. त्याने जनावरांना सहसा अपाय होत नाही.

पण नांदेड-लातूरकडे उन्हाळ्यात पाणी आटू लागले, की पाझर तलावाच्या, शेततळ्याच्या काठाला कधी कधी वेगळीच साय धरते. हिरवा रंग सांडल्यासारखी. हे नीलहरित शेवाळ. नावाला शेवाळ, खरे तर ते जिवाणू. त्याच्या काही जाती भाताला नत्र पुरवतात, पण काही विष तयार करतात. २०२० साली आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात तीनशेहून अधिक हत्ती मेले, ते पाणवठ्यातल्या अशाच विषाने, असे तिथल्या सरकारने जाहीर केले. मग आपल्या कालवडीची काय कथा!

ओळखायला एक काठी पुरे. पाण्यात बुडवून उचला. केसांसारखे लांब तंतू लोंबले तर साधे हिरवे शेवाळ. काठी रंगात बुचकळल्यासारखी माखली तर संशय घ्या. खात्रीसाठी काचेच्या बरणीत पाऊण भाग पाणी भरा, झाकण लावा, न हलवता रात्रभर ठेवा. सकाळी हिरवा थर वर तरंगत असेल तर बहुधा नीलहरित. पाण्यात उघडा हात घालू नका, आणि ती बरणी परत लोणच्याला घेऊ नका. यातून जात कळते, विष आहे की नाही ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संशय आला, की जनावरे दुसऱ्या पाण्यावर न्या.

अशा वेळी पुष्कळांचा हात मोरचुदाकडे जातो. इथेच घात होतो. मोरचुदाने पेशी फुटतात आणि आतले विष एकदम पाण्यात उतरते. पाणी नितळ दिसते, धोका मात्र वाढलेला असतो. निदान दोन आठवडे तरी ते पाजू नका. उकळूनही हे विष जात नाही. मेंढ्यांना तर तांबेच सोसत नाही.

साय वाऱ्याने ढकलली जाऊन एका काठाला साचते, आणि नेमकी तिथेच जनावरे उतरत असतील तर पंचाईत. पाणी पिऊन आलेले जनावर झोकांड्या देऊ लागले, थरथरले, लाळ गाळू लागले किंवा धापा टाकू लागले, तर वाट पाहू नका. काही तासांतही दगावू शकते. पशुवैद्याला बोलवा, कोणत्या तळ्याचे पाणी प्याले ते सांगा, आणि त्या पाण्याची एक बाटली भरून सावलीत ठेवा.