मेलेली माती कुणी ओढायची?

सकाळी साडेसातला काशीमिऱ्याच्या नाक्यावर उभं राहिलं की आपला भाव कळतो. ठेकेदार येतो, दंड बघतो, पायातली चप्पल बघतो आणि बोलतो, "खणायचं काम हाय. रोजावर दोनशे जास्त." दोनशे जास्त कशाचे, हे विचारायचं नसतं. मीही विचारलं नाही. घरात पोरीची फी थकली होती.

हायवेच्या आतल्या अंगाला बंद पडलेला कारखाना. लोखंडाला क्रोमची चकाकी द्यायचे तिथं. शेड पाडून झालेली, मालक पैसे घेऊन मोकळा, जागेवर टॉवर उठायचा होता. दोन फूट मुरूम खणला, तोवर काही नाही. मग कुदळ पिवळ्यात गेली. जेजुरीचा भंडारा पुरून ठेवावा तशी माती. खड्ड्याच्या बाजूनं पाणी झिरपायला लागलं, तेही पिवळं. आम्ही सहाजण. पाच आपले, एक पाड्यावरचा वारली. अकरा दिवस खणलं. गमबूट दोघांनाच होते, हातमोजे कुणालाच नव्हते. चौथ्या दिवशी बोटांच्या पेरांवर बारीक भोकं पडली, आत पांढरी, कडेला लाल. सहाव्या दिवशी नाकातून रक्त. ठेकेदार म्हणाला, "उन्हाचं आहे, कांदा हुंगा."

एक साहेब यायचा. अंगभर पांढरा सूट, तोंडाला मास्क, हातात काचेच्या नळ्या. मातीचा नमुना घ्यायचा, पाण्याचा घ्यायचा, चिकटपट्टीवर नंबर टाकायचा. आमच्या हातातल्या मातीचा घेतला, आमच्या हाताचा नाही घेतला. शेवटच्या दिवशी मी त्याला विचारलं, साहेब, हे चाललंय काय? भला माणूस होता, बोलला. "रेमेडिएशन. म्हणजे जमिनीचं शुद्धीकरण."

शुद्धीकरण! तुम्ही-आम्ही हा शब्द कुठं ऐकलाय? 20 मार्च 1927, महाड. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, मागून हजारो माणसांनी घेतलं. मग गावानं काय केलं? 108 घागरी पाणी उपसलं, त्यात दूध, दही, शेण, गोमूत्र कालवलं, मंत्र म्हटले, आणि ते पुन्हा तळ्यात ओतलं. झालं तळं शुद्ध! माणसाच्या हातानं बाटलेलं पाणी यांनी शेणमुतानं साफ केलं. आणि त्याच महाडात आज रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी आहे. सावित्रीच्या पाण्याबद्दल लोकांनी वर्षानुवर्षं तक्रारी केल्या. त्या पाण्यासाठी कुणी 108 घागरी घेऊन आलेलं माझ्या ऐकिवात नाही. रसायनाचा विटाळ यांना होत नाही. रसायनाला जात नसते ना.

साहेबानं दिलेला शब्द मी सोडला नाही. आमच्या वस्तीतल्या बारावी सायन्सच्या पोराला धरलं, मोबाईलवर, पुस्तकात, मिळेल तिथं वाचून घेतलं. ते सांगतो, कारण उद्या तुमच्या नाक्यावरही तो ठेकेदार येणार आहे.

ते पिवळं म्हणजे सहा संयुजेचा क्रोमियम. पाण्यात विरघळतो आणि पाण्यासंगं चालतो. कातडीवरच्या जखमा त्याच्याच. वर्षानुवर्षं त्याच्या वाफेत काम करणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला आरपार भोक पडतं, फुफ्फुसाचा कॅन्सर होतो. हे डॉक्टरी पुस्तकात शंभर वर्षांपासून आहे, कांदा हुंगायला सांगणाऱ्यानं वाचलं नाही एवढंच. पिण्याच्या पाण्यात सगळा क्रोमियम मिळून लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमच्या वर नको, असं भारतीय मानक सांगतं. पाणी डोळ्यांना पिवळं दिसायला लागतं ते याच्या कितीतरी पट पुढं गेल्यावर. म्हणजे बोअरचं पाणी काचेसारखं नितळ, आणि तरी विष. उकळून जात नाही. उकळलं तर पाणी आटतं, क्रोमियम तेवढाच राहतो. आमच्या वस्तीत आया लेकरांसाठी पाणी उकळतात. कुणी सांगायचं त्यांना?

आणि हे जमिनीत उतरतं कसं? आपल्याकडं वर मुरूम, खाली काळा पाषाण. पाषाण अखंड नसतो, त्याला भेगा असतात, जोड असतात. कारखान्याच्या मागं ओतलेलं पाणी पावसाळ्यात त्या भेगांत शिरतं आणि उताराला लागतं. ते कंपाउंडची भिंत बघत नाही. उताराला कोण राहतं? गावकुस गेलं म्हणतात. मी नाल्याच्या कडेला राहतो, मला विचारा.

साफ करायच्या रीती आहेत. पाणी वर्षानुवर्षं उपसून, शुद्ध करून सोडता येतं. हिराकस किंवा साखर कारखान्याची मळी जमिनीत सोडून त्या क्रोमियमचा जहाल गुण मोडता येतो, तो मातीला धरून बसतो. पण याला वेळ लागतो, आणि बिल्डरला वेळ नसतो. म्हणून खणा आणि हलवा. हलवलेली माती शुद्ध होत नाही, पत्ता बदलते. धोकादायक कचऱ्यासाठी तळोज्याला कायदेशीर खड्डा आहे. आमचे ट्रक तिथंच गेले का, हे मला माहीत नाही. ट्रक रात्री भरायचे. चिठ्ठी आम्हाला दाखवायची पद्धत नव्हती.

वाचता वाचता माझ्या ध्यानात आलं की हिशोब सगळीकडं एकच आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचं गाव. 1988 साली तिथं सिल्व्हर केमिकल्सनं एच-ॲसिड करायला घेतलं, रंगाच्या धंद्याला लागतं ते. सुमारे 375 टन माल केला आणि 2,440 टन गाळ उघड्यावर टाकला. गाळ पावसानं खाली गेला. विहिरींचं पाणी काळंतांबडं झालं, माणसांना नाही, गुरांना नाही, शेताला नाही. सुप्रीम कोर्टानं 1996 साली सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायचं. आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेनं खर्चाचा आकडा काढला, 37 कोटी 38 लाखांच्या वर. मग? मग कंपन्यांनी अर्जावर अर्ज केले. 2011 साली कोर्टाला पुन्हा बसून चक्रवाढ व्याज लावावं लागलं. पंधरा वर्षं! तोवर बिछडीच्या बाया पाणी कुठून आणत असतील, याचं चक्रवाढ व्याज कुणी काढलं नाही.

भोपाळचं तर सगळ्यांना माहीत. 1984 साली गॅस सुटला. कारखान्यात पडलेला 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये 12 कंटेनरांत भरून पिथमपूरला नेला, तिथं जाळला. पेपरांनी छापलं, चाळीस वर्षांचा डाग गेला. अरे, डाग कुठला? नीरी आणि हैदराबादच्या भूभौतिक संस्थेनं 2010 सालीच लिहिलंय की बाधित माती 11 लाख टन आहे. 337 टन म्हणजे पोत्यातला चिमूटभर. बाकीची माती जागच्या जागी, आणि तिच्याखाली पाणी, जे कारखान्याबाहेरच्या वस्त्यांत गेलं.

आता कायदा झालाय. 24 जुलै 2025 ला केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. जिल्हा प्रशासनानं दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, राज्याच्या प्रदूषण मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर पाहणी, मग दोषी शोधून खर्च वसूल. ऐकायला झकास. तोपर्यंत देशात 103 जागा ओळखल्या होत्या, त्यांतल्या 7 ठिकाणी काम सुरू झालेलं. आणि खोच बघा. तपासणीला मुदत आहे, जागा साफ करून द्यायला ठरलेली मुदतच नाही. अस्पृश्यता 1950 साली कागदावरून गेली तेव्हाही मुदत टाकायची राहिली होती.

दुसरी खोच साहेबानंच सांगितली. जमीन कशाला वापरायची यावर किती साफ करायची ते ठरतं. राहायला एक आकडा, कारखान्याला दुसरा. म्हणजे टॉवरच्या चार भिंतींत माती घासूनपुसून काढतील, कारण तिथला फ्लॅट कोटीत जातो. भिंतीबाहेर उताराला आमचं बोअर. त्याला कुठला आकडा? आम्ही त्या सात-बारावर नाही. जमिनीचं शुद्धीकरण विकणाऱ्यासाठी होतं, पिणाऱ्यासाठी होत नाही. माझं भांडण या एका गोष्टीशी आहे.

घाण करील तो भरील, असं कोर्ट म्हणतं. गावगाड्यात काय होतं? घाण करणारा एक, उचलणारा दुसरा. आपल्या आज्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं बहिष्कार टाकला, उपाशी राहिले, पण सोडलं. आणि नातू नाक्यावर उभा राहून मेलेली माती ओढतोय, दोनशे रुपये जास्त मिळाले म्हणून खूश! पैसे मालक भरीलही एखाद्या वेळी. अंगावर कोण घेतो ते कुठल्याच निकालात लिहिलेलं नाही.

आता आपल्याबद्दल. पोरांनो, राग आला तरी ऐका. पर्यावरण म्हटलं की आपण हसतो. बाल्कनीत तुळस लावणाऱ्यांचा विषय म्हणतो. याला कारण आहे. आमच्या काशीमिऱ्याच्या पाठीला नॅशनल पार्क आहे. पर्यावरणवाल्यांच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं 1997 साली आदेश दिला आणि पार्कातल्या हजारो झोपड्या तुटल्या. बिबट्याला घर पाहिजे, माणसाला नको. तेव्हापासून हा शब्द कानावर पडला की आपल्याला बुलडोझर दिसतो. बरोबरच दिसतो. पण शब्द त्यांच्या ताब्यात दिला म्हणून विहीरही त्यांच्या ताब्यात द्यायची का?

याच हायवेनं वर जा, मनोरवरून बोईसरला वळा. तारापूर एमआयडीसी. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या 2018 च्या मोजणीत देशात सगळ्यांत वाईट, 93.69 गुण. तिथं 2016 साली हरित लवादात कोण गेलं? मांगेला समाज परिषद. मासे मारणारी माणसं. जाळ्यात मासळी येईना तेव्हा त्यांनी पुतळा मागितला नाही, कागद जमवले. जानेवारी 2022 मध्ये लवादानं शंभरावर कारखान्यांवर भरपाई बसवली. पुढं प्रकरण वरच्या कोर्टात गेलं, जाणारच होतं. पण त्यांनी आकडा मागितला आणि कारखानदाराला आकडा द्यावा लागला. आपली मंडळं त्याच पट्ट्यात आहेत. जयंतीला डीजे कितीचा, यावर रात्र रात्र बैठका चालतात. वस्तीच्या बोअरमध्ये क्रोमियम किती, यावर एकही नाही. ज्या चळवळीचा पहिला मोठा लढा पाण्याचा, तिनं पाणी सोडलं कधी?

मी काय मागतो? साइटच्या गेटवर माती आणि पाण्याचे आकडे मराठीत लावा, खणायच्या आधी लावा. खणणाऱ्याचं नाव रजिस्टरला घ्या. सूट साहेबाला तसा आम्हाला. काम सुरू होताना आणि संपल्यावर नाक, कातडी, लघवी तपासा, कागद आमच्या हातात द्या. उताराच्या वस्त्यांची बोअर त्याच कामात मोजा आणि निकाल येईपर्यंत टँकर मालकाच्या खर्चानं द्या. ट्रक कुठं गेला त्याची चिठ्ठी गेटवर लावा. जिल्ह्याच्या यादीत ही जागा आहे का, हा अर्ज मी टाकलाय. पोच घेतलीय, झेरॉक्स पाच काढल्यात.

परवा तो ठेकेदार पुन्हा नाक्यावर आला. घोडबंदरच्या अंगाला दुसरी साइट, सहा माणसं पाहिजेत, आता अडीचशे जास्त. मी म्हटलं, रजिस्टर दाखव, मोजे दाखव. तो हसला. म्हणाला, "तुझी नाकपुडी नाजूक झाली रे." माझ्यामागं उभ्या असलेल्या पोरांतून सहा उचलले. त्यांतले दोघे माझ्या गल्लीतले, एकाचं वय अठरा. रात्री त्याच्या घरी गेलो. तो नळावर हात धूत होता. बोटं उजेडात धरायला सांगितली.