ज्यांचा हात तक्रारपेटीपर्यंत पोहोचत नाही

प्रति,
मा. प्रधान सचिव,
शालेय शिक्षण व क्रीडा विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई



एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून नोकरी करून आणि त्यांपैकी शेवटची नऊ वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत काढून निवृत्त झालेली मी एक शिक्षिका आहे. आपल्या विभागाची परिपत्रके मी आजवर वाचली, सही करून दप्तरी लावली आणि त्यांचे अहवाल मुदतीत धाडले. आज प्रथमच उलट दिशेने, खालून वर, काही लिहिण्याचे धैर्य करीत आहे. ते खाजगी अर्जाच्या रूपाने न करता उघड पत्राच्या रूपाने करावेसे वाटले, कारण ज्या ज्या घरातून सकाळी मुलाचे केस विंचरून, डबा भरून त्याला शाळेच्या फाटकाशी सोडले जाते त्या प्रत्येक घराचा हा, मुलाच्या सुरक्षिततेचा, प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन बालिकांवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि शाळेच्याच एका सफाई कर्मचाऱ्यास अटक झाली. पुढची हकीकत साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे: फिर्याद दाखल व्हावी म्हणून पालकांना पोलीस ठाण्यात तासन् तास तिष्ठावे लागले, २० ऑगस्टला हजारो माणसे रुळांवर उतरली आणि लोकलगाड्या सुमारे दहा तास थांबल्या, मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने घटनेची खबर पोलिसांना का दिली नाही असा सवाल केला, सप्टेंबरच्या २३ तारखेला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला. आपल्या विभागानेही तत्परता दाखविली. कॅमेरे बसवा, कर्मचाऱ्यांच्या चारित्र्याची पडताळणी करा, तक्रारपेटी लावा, बालसुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्या कार्यान्वित करा, असे हुकूम सुटले. ते आवश्यक होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या साऱ्या घटनाक्रमात ज्या एका गोष्टीने माझी झोप उडाली ती मात्र या हुकुमांच्या कक्षेबाहेरच राहिली. चार वर्षांची मुले दुखते म्हणून सांगू लागली ती घरी. ते दुखणे ओळखले ते घरच्यांनी. आणि ते ओळखल्यानंतर शाळा, दवाखाना आणि पोलीस ठाणे यांच्या पायऱ्या चढत, तीच कहाणी नव्या नव्या अनोळखी माणसापुढे पुन्हा पुन्हा सांगत हिंडावे लागले तेही घरच्यांनाच.

आता तक्रारपेटीचेच पाहा. माझ्या शेवटच्या शाळेत ती पेटी कार्यालयाच्या ओट्यावर, सूचनाफलकाच्या बाजूला, मोठ्या माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर खिळ्याला टांगलेली होती. पत्र्याची, हिरव्या रंगाची, वर चिठ्ठी टाकण्याची फट आणि खाली पितळी कुलूप. नियमाप्रमाणे ती उघडली जाई आणि ‘तक्रार निरंक’ अशी नोंद होई. ती नोंद मी शेकडो वेळा प्रामाणिकपणे केली आहे. पण पहिलीतल्या मुलाचा हात त्या फटीपर्यंत पोहोचत नव्हता, आणि पोहोचला असता तरी ज्याला अद्याप ‘क’ला काना जोडता येत नाही त्याने त्या कागदावर लिहावे काय? जे लिहू शकत नाही, ज्याला आपल्यावर झालेल्या गोष्टीचे नावच ठाऊक नाही, अशा मुलाची तक्रार शब्दांतून येतच नाही. ती डबा परत आणण्यातून, रात्री दचकून उठण्यातून, फाटकाशी आईचा पदर घट्ट धरण्यातून येते, आणि ती वाचता येते ती बहुधा आईला किंवा आजीला. कॅमेरा ओसरी पाहतो, त्याला हे कळत नाही.

येथे मला माझाच एक प्रमाद सांगितला पाहिजे. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची आई निंदणीला जाणारी, अर्धा रोज बुडवून एका दुपारी ती शाळेत आली आणि दाराशीच उभी राहून म्हणाली, “बाई, पोर घरी आली की आधी मोरीकडं पळती. दिसभर दाबून धरती. साळंत काय हाय ते बगा की.” मी म्हटले, बघते. आठवड्याने ती पुन्हा आली, तेव्हा केंद्रप्रमुखांची भेट होती. मी म्हटले, उद्या या. तिसऱ्यांदा ती आली ती मुलीला तापाने फणफणलेली घेऊन, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वाटेवरून. लघवीला जळजळ होते म्हणून पोर कळवळत होती. त्या दिवशी मी मुलींच्या स्वच्छतागृहाकडे गेले. दाराला आतून कडी नव्हती, कडीच्या जागी नुसती दोन भोके होती, आणि सातवीची मुले येता-जाता ते दार लोटून हसत पळत, असे मुलींनी मला त्या वेळी सांगितले. कारण त्या वेळीच मी त्यांना प्रथम विचारले. ती कडी मी त्याच संध्याकाळी बाजारातून आणून बसविली. कार्यालयाकडे केलेल्या मागणीचे उत्तर सात महिन्यांनी आले. त्या सात महिन्यांचा राग आता माझ्या मनात उरलेला नाही, पण त्या आईचे बुडालेले तीन अर्धे रोज मला अजून आठवतात. कारण तिचे बोलणे ही तक्रार आहे असे मला पहिल्या दिवशी वाटलेच नव्हते. तिने लेखी काही दिले नव्हते, म्हणून आवक नोंदवहीत ती नव्हती, आणि नोंदवहीत नव्हती म्हणून ती जणू घडलीच नव्हती.

महोदय, या देशाचा कायदा माझ्याहून अधिक समंजस निघाला, हे मला निवृत्तीनंतर कळले. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा अधिनियम लेखी अर्जाची वाट पाहत नाही. ज्या कोणाला असा अपराध होण्याची आशंका वाटेल वा तो झाल्याचे ठाऊक असेल त्याने पोलिसांना कळविलेच पाहिजे असे त्याचे कलम १९ सांगते, सद्भावनेने कळविणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येणार नाही असे अभय तेच कलम देते, आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद कलम २१ करते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेश न घालता घ्यावा, मुलाला रात्री पोलीस ठाण्यात कोणत्याही कारणास्तव ठेवू नये, असे कलम २४ म्हणते. २०२० च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीस कळवावयाचे असते, समिती त्या कुटुंबास तपासापासून खटल्यापर्यंत सोबत करणारी साहाय्यक व्यक्ती देऊ शकते, आणि प्रवास, अन्न, वस्त्र अशा तातडीच्या गरजांसाठी तिने शिफारस केली तर आठवड्याच्या आत रक्कम मिळावी अशीही तजवीज आहे. शिवाय पीडितांना अर्थसाहाय्य देणारी, आपल्याच राज्याची, २ ऑक्टोबर २०१३ पासूनची, मनोधैर्य योजना आहे. हे सारे कागदावर इतके सुंदर आहे की वाचताना गहिवरून येते. आणि मग आठवते की माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही प्रशिक्षणात, कोणत्याही शिक्षण परिषदेत, यांतले एक अक्षरही मला कोणी सांगितले नव्हते, मग ते निंदणीला जाणाऱ्या बाईला कोठून ठाऊक असणार?

आपणच घरापर्यंत जाण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. बदलापूर ज्या ठाणे जिल्ह्यात आहे त्याच जिल्ह्यात तेव्हा असलेल्या आणि आज पालघर जिल्ह्यात गेलेल्या बोर्डी गावी, १९४५ साली ताराबाई मोडक यांनी आपले ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य मांडले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्या पालकांना अडाणी ठरवून स्वस्थ बसल्या नाहीत. मुले येत नाहीत तर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली पाहिजे, असा सरळ विचार त्यांनी केला आणि अंगणवाडी जन्माला आली. पुढे १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने तो शब्द देशाच्या कानाकोपऱ्यात पोहोचविला. शिकविण्याच्या बाबतीत जे तत्त्व आपण इतक्या अभिमानाने स्वीकारले, तेच ऐकून घेण्याच्या बाबतीत मात्र आपण अजून स्वीकारलेले नाही. शाळा अंगणात गेली; तक्रार मात्र अद्याप अंगणातून उठून कचेरीत यावी लागते.

म्हणून माझे मागणे नव्या समितीचे नाही. १० मार्च २०२२ च्या शासननिर्णयाने सखी सावित्री समिती अस्तित्वात आलीच आहे. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आहे, शिक्षणहक्क कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक बसविले आहेत. मला हवी आहे ती एक वही. प्रत्येक प्राथमिक शाळेत आणि तिला जोडलेल्या प्रत्येक शिशुवर्गात, आईबापांनी तोंडी सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत त्याच क्षणी उतरवून घेण्याची, सांगणाऱ्यास तिची पोच देण्याची, आणि आशंकेची बाब असल्यास त्याच दिवशी पोलिसांना कळविल्याची नोंद त्याच्यासमोर करण्याची सक्ती आपण करावी. मुलाचे नाव बाहेर फुटू नये म्हणून ती वही कुलपात राहावी, हेही ओघाने आलेच. शाळेचे नाव जाईल, ही मुख्याध्यापकांच्या मनातली भीती मी जवळून पाहिली आहे, माझ्याही मनात ती वसत होती. ‘आधी आपण आपली चौकशी करू’ या वाक्याने ती प्रकट होते, आणि त्या चौकशीत जे दिवस जातात ते मुलाच्या आयुष्यातले असतात. पोच आईच्या हातात असेल तर हे वाक्य कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरे मागणे सोबतीचे आहे. शाळांच्या दर केंद्रात एक तरी शिक्षिका अशी नेमावी, की अशा कुटुंबाचे दार तिने स्वतः जाऊन ठोठावावे, त्यांच्याबरोबर पोलीस ठाण्यात व रुग्णालयात बसावे, १०९८ हा बालसाहाय्यतेचा क्रमांक, बालकल्याण समितीचा पत्ता, मनोधैर्यच्या अर्जाचा नमुना त्यांच्या हाती द्यावा; आणि त्या मुलाला आणि त्याच्या भावंडांना शाळा बदलावीशी वाटली तर दाखल्यासाठी बापाला एकही फेरी मारावी लागू नये. या शिक्षिकेला इतर अशैक्षणिक कामांतून मोकळीक मिळावी, नाहीतर तीही माझ्यासारखीच ‘उद्या या’ म्हणेल.

आमच्या गावच्या शाळेत पालकसभा दर महिन्याला होते आणि मी अजून तिला जाते. दुसरीच्या वर्गातली ती मुलगी आता मोठी झाली आहे; तिचा लहानगा याच जून महिन्यात पहिलीत बसला, आणि पहिल्या सभेला ती आपल्या आईला घेऊन आली होती. आपल्या कार्यालयाकडून या पत्राचे उत्तर आले तर ते मी त्या दोघींच्या समोर, सभेत, वाचून दाखवीन.



आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका