पहिले बारा आठवडे

भुकूमला दिलेली माझी भाची सध्या तासातासाला न्हाणीघरात जाऊन कपड्यावर डाग नाही ना, ते बघून येते. मागच्या वेळी दहाव्या आठवड्यात बाळ गेलं. आता सातवा चालू आहे. मळमळ जरा थांबली तरी तिला धडकी भरते. सासूबाई म्हणतात, तीन महिने कुणाला सांगू नकोस. त्यामागची माया कळते, पण याच गप्प बसण्यानं तिचं मागचं दुःख घरात कोंडलं. ऑफिसात तिनं तेव्हा ‘ताप आलाय’ सांगितलं. कायद्यानं गर्भपातानंतर 6 आठवड्यांची पगारी रजा मिळते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. “पौड रस्त्यानं स्कूटरवरून जायचे, म्हणून झालं का गं मावशी?” नाही, बाळा. सुरुवातीचे निदान निम्मे गर्भपात गुणसूत्रांतल्या बिघाडानं होतात, आणि तो कुणाच्या हातात नसतो. आशा सेविकेकडे गरोदरपणाची नोंद झालीय. रात्री जीव घाबरला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं. नंबर फ्रीजवर चिकटवलाय. रविवारी मी जाते. भाकऱ्या थापताना ती गेलेल्या बाळाबद्दल बोलते, मी मध्ये बोलत नाही.