देवकण, चिक्की आणि तापमान

मागच्या शनिवारी आम्ही चौघं लोकलने मळवलीला उतरलो, भाज्याची लेणी पाहिली आणि संध्याकाळी लोणावळ्यात चहा पीत बसलो. बाहेर धुकं, हातात चिक्कीचा पुडा. गप्पांच्या ओघात एकाने विचारलं, "अरे, आपल्या सगळ्यांचं वजन त्या देवकणामुळेच आहे ना?"

चौघंही इंजिनियर. कुणालाच यात काही खटकलं नाही. मला खटकलं, म्हणून हा लेख :-)

माझं स्पष्ट मत आहे की 'देवकण' या शब्दाने आपलं नुकसान केलंय. लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकाचं हे नाव, आणि ४ जुलै २०१२ ला सर्नने हिग्ज कण सापडल्याचं जाहीर केल्यावर आपल्या पेपरांनी ते डोक्यावर घेतलं. देव म्हटलं की आपण हात जोडतो आणि प्रश्न विचारायचे थांबतो. खरी गोष्ट तापमानाची आहे, आणि ती आपल्याला सहज कळण्यासारखी आहे.

लोखंड घ्या. साधारण ७७० अंश सेल्सियसच्या वर त्याचं चुंबकत्व जातं. आतले अणुरेणूंएवढे चुंबक वाट्टेल तिकडे तोंड करून असतात, त्यामुळे सगळ्या दिशा सारख्याच. ही सममिती. थंड झालं की शेजारी शेजारी एकाच दिशेला वळतात. कुठली दिशा, हे नशिबावर, पण एक दिशा ठरते. सममिती मोडते.

विश्वाचंही असंच काहीसं झालं. सुरुवातीला हिग्ज क्षेत्राचं सरासरी मूल्य शून्य होतं आणि इलेक्ट्रॉन, क्वार्क, डब्ल्यू, झेड यांना आजच्यासारखं वस्तुमान नव्हतं. तापमान सुमारे २ वर १५ शून्यं इतक्या केल्विनपर्यंत उतरलं (सूर्याच्या गाभ्याच्या दहा कोटी पटींहून जास्त!) आणि हे क्षेत्र शून्यावरून हललं. या कणांना वस्तुमान आलं. इलेक्ट्रॉनला ते नसतं तर अणू बनलाच नसता.

पण आपलं वजन? त्यात हिग्जचा वाटा साधारण एक टक्का. सत्तर किलोच्या माणसात जेमतेम पाऊण किलो! बाकीचं प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या बलाच्या ऊर्जेतून येतं. तेही विश्व आणखी थंड झाल्यावर, २ वर १२ शून्यं केल्विनच्या आसपास.

आता चिक्की. पाणी शून्य अंशाला गोठतं, पण गुळाचा पाक असा एका ठराविक अंशाला दगड होत नाही, हळूहळू आळत जातो. हिग्जचं वस्तुमान १२५ जीईव्ही निघालं आणि गणितं सांगतात की एवढ्या जड हिग्जला हा बदल पाकासारखाच सावकाश झाला. (तुलना एवढ्यापुरतीच, सममितीचं काम लोखंडाचं.) हीच पंचाईत आहे. बदल पाणी उकळतं तसा बुडबुडे फुटत झाला असता, तर प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य जास्त का उरलं याचं उत्तर कदाचित तिथेच मिळालं असतं. आपण आहोत तरी का, हा प्रश्न अजून उघडाच आहे. 'देव' म्हटलं की तो दिसतच नाही.

आणखी एक. हिग्जवर आयुष्यभर काम करणाऱ्या रोहिणी गोडबोले पुण्याच्या, एस. पी. कॉलेजच्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. सर्नच्या सीएमएस यंत्राचा बाहेरचा कॅलरीमीटर उभा करण्यात मुंबईच्या टीआयएफआरचा हात आहे. आमच्या टेबलावर चौघांपैकी तिघांनी ही नावं ऐकली नव्हती, देवकण मात्र सगळ्यांना पाठ! प्रोसेसर तापला की काय होतं हे रोज बघणारे आपण लोक, विश्व थंड होताना काय झालं हे विचारायला लाजतो.

असो. पुढच्या वेळी कुणी 'देवकण' म्हणालं तर एवढंच विचारा, "किती तापमानाला?"