लांब दांड्याची करवत

पाऊस तोंडावर आला की आमच्या वाड्यावर दोन कामे हमखास सुरू होतात. घरांची शाकारणी आणि झाडांना शिव्या. आंबा नळ्यांवर वाकलाय, फणस विजेच्या तारेकडे निघालाय, शेवगा तर कधी मोडेल याचा नेम नाही. मग कोणीतरी शहाणा म्हणतो, "मारून उडय मरे तें झाड!" दुपारपर्यंत यंत्राची करवत घेऊन माणसे हजर. पन्नास वर्षे वाढलेले झाड तासाभरात आडवे.

हे दरवर्षी पाहून माझे एक मत बनले आहे. ज्याला वेळेवर फांदी छाटता येत नाही, तो शेवटी झाडच तोडतो. झाडाचा द्वेष कोणालाच नसतो, भीती असते. म्हणून परस असलेल्या प्रत्येक घरात जशी कोयती असते, तशी एक लांब दांड्याची करवत असायला हवी. ती कशी निवडावी, हे मी चुकून शिकलो. चुकीची किंमत मात्र झाडाने मोजली.

पूर्वी ही वेळ आमच्यावर येत नसे. माड पाडायला पाडेली यायचा. नारळ उतरवून झाले की जाता जाता आंब्याची सुकी फांदी, फणसाचे वाकडे डहाळेही तोच उतरवायचा. वर त्याला चहा आणि दोन नारळ. आज पाडेली मिळत नाही. त्याची मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, कोणी बोटीवर गेले. त्यात वाईट काय? जीव मुठीत धरून माडावर चढण्याचा वारसा मुलांना द्यावा, असे त्यालाच वाटत नव्हते. आमचा पाडेली मला शेवटचा भेटला तेव्हा म्हणाला, "पात्रांव, आतां पांय कांपतात." तेव्हापासून आमची झाडे आमच्याच हाती आहेत.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याला चाटून गेले. ती रात्र इथे कोण विसरेल! आमचा मानकुराद टिकला, पण घरावर आलेली त्याची एक फांदी बघून माझी झोप उडाली. मी करवत घ्यायची ठरवली. दुकानात तीन-चार प्रकार होते. मी सर्वांत लांब होती ती उचलली. वीस फुटांचा, एकात एक सरकणारा अॅल्युमिनियमचा दांडा. एवढी लांब म्हणजे चांगलीच असणार, हा माझा हिशेब.

पुरता उघडल्यावर तो दांडा वाऱ्यावरच्या चुडतासारखा हलू लागला. पाते फांदीवर टेकेना, टेकले तर सरके. तासभर घामाघूम होऊन मी वरून कापत राहिलो. निम्म्याहून जास्त कापली गेली आणि फांदी स्वतःच्या वजनाने मोडली. नुसती मोडली नाही, बुंध्याची दोन हात साल सोलत खाली आली. माझ्या वडिलांनी लावलेले झाड ते. आतले पांढरे लाकूड उघडे पडलेले बघून मला कोणाशी बोलवेना. एकाने सांगितले म्हणून जखमेवर डांबर फासले. पुढच्या पावसात डांबराखाली पाणी धरले, लाकूड कुजले, भुसा पडू लागला. खोडकिडा शिरला होता. झाड जगले, पण त्या अंगाला आज ढोली आहे.

आता ज्यांना करवत घ्यायची आहे त्यांच्यासाठी.

पहिली गोष्ट लांबीची. दहा ते बारा फुटांचा दांडा पुरे. त्यात आपली उंची मिळवली की पंधरा-सोळा फुटांवरची फांदी हाताला येते. त्याहून लांब दांडा हातात राहत नाही, आपल्याला तो खेळवतो. दुकानातच पूर्ण उघडून, उभा धरून पाहा. सांधे खुळखुळले तर तिथेच ठेवून या.

दुसरी पात्याची. सरळ पाते नको, विळ्यासारखे बाकदार घ्यावे. दात ओढताना कापणारे असावेत. लांब दांड्याने करवत ढकलता येत नाही, ती ओढायचीच असते, आणि बाकामुळे पाते आपल्याच वजनाने फांदीत बसते. टोकाला आकडा असला तर पाते निसटत नाही, अडकलेली फांदीही ओढून काढता येते. हल्लीच्या कडक केलेल्या दातांना घरी कानस लागत नाही, तेव्हा सुटे पाते मिळते का, हे आधी विचारावे.

तिसरी, बॅटरीची साखळीकरवत. तिची जाहिरात मोहात पाडते. पण चार किलोचे वजन, तेही दांड्याच्या टोकाला, डोक्याच्या वर धरायचे. साखळीला तेल हवे, बॅटरीला आमच्या पावसाळी दमटपणापासून जपणे हवे. ज्याचे मोठे भाट आहे त्याने जरूर घ्यावी. दोन आंबे, एक फणस आणि शेवगा एवढ्यासाठी हाताची करवत बरी. हाताने कापताना माणूस दमतो, आणि दमला की थांबून विचार करतो. हाही फायदाच.

चौथी गोष्ट विजेची, आणि हिच्यात तडजोड नाही. अॅल्युमिनियममधून वीज सरळ हातात येते. ओला बांबूही तेच करतो, आणि फायबरचा दांडा मळला, भिजला की त्याचाही भरवसा नाही. तारेजवळची फांदी आपली नव्हेच. १९१२ वर फोन करावा आणि वीजखात्याची माणसे येईपर्यंत धीर धरावा.

कापण्याची रीत करवतीपेक्षा महत्त्वाची. फांदी शेंड्याकडून थोडी थोडी उतरवत यावे, म्हणजे वजन कमी होते. मग बुंध्यापासून हातभर अंतरावर आधी खालून खाप घ्यावी, नंतर त्याच्या जरा पुढे वरून कापावे. खालच्या खापेपाशी साल फाटायची थांबते. उरलेला खुंट शेवटी काढावा. फांदी बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडे असते, त्याला हात लावू नये. जखम झाकणारी नवी वाढ तिथूनच येते. अमेरिकेतले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे चिरून पाहून सांगितले की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड कुजक्या भागाभोवती भिंत उभारते आणि पुढे वाढते. रंग-डांबराचा त्याला उपयोग नाही. हे मला आधी कळले असते तर!

आणि हो, फांदीच्या बरोबर खाली उभे राहू नये. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांना चष्मा. आंब्याचा चीक तोंडावर पडला की कातडी भाजते, आणि हुमल्यांचे घरटे अंगावर आले तर वेगळे सांगायला नको. मनगटाहून जाड फांदी असेल तर जाणता माणूस बोलवावा आणि तो मागेल ते पैसे घासाघीस न करता द्यावेत.

आपल्याकडे झाडांसाठी १९८४ पासून कायदा आहे. २०१६ मध्ये माडाला त्यातून वगळले, केवढा गदारोळ झाला, २०१७ मध्ये माड पुन्हा झाडांत आला. तो गदारोळ योग्यच होता. पण झाड तोडू नका म्हणणारे आपण, ते राखायचे कसे हे कोणाला शिकवतो? देवळाची मोठी भांडी लग्नकार्याला वाड्यावर फिरतात, तशी पंचायतीची एक चांगली करवत का फिरू नये? सोबत ती चालवायला शिकलेले दोन तरुण. त्यांना मजुरी मिळेल, म्हाताऱ्या माणसांची भीती जाईल, आणि दर मे महिन्यात पडणारी निम्मी झाडे तरी वाचतील, असे मला वाटते.

गेल्या वर्षी शेजारच्या काकी आंबा तोडायला माणूस ठरवून बसल्या होत्या. मी म्हटले, एक दिवस थांबा. दुपारभर मी आणि त्यांचा नातू, दोघांनी मिळून ती सुकी फांदी सहा तुकड्यांत खाली आणली. एक नळाही फुटला नाही. माणसाला काकींनी परत पाठवले.

यंदा त्याच झाडाचे आंबे त्यांनी पिशवी भरून पाठवले. अर्धे किडके निघाले. असो. उरलेले गोड होते.