सुटका हीच जीत

जळगाव-धुळे मार्गावर एरंडोल, पारोळ्याच्या स्थानकांत कॉलेजच्या मुली दिवेलागणीला एस.टी.तून उतरतात. स्वसंरक्षणाचे पहिले धडे त्यांना यायलाच हवेत. कुणी अंगाशी येऊ लागला तर हातभर अंतर राखा, उघडे तळवे छातीसमोर धरा आणि ‘मागे हो!’ असं ठणकावून ओरडा. मनगट धरलं तर नुसतं मागे ओढू नका. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटं जिथे मिळतात, तिकडे हात झटक्यात फिरवून सोडवा, कारण पकड तिथेच कच्ची असते. मारण्याची वेळ आलीच, तर मुठीने स्वतःची बोटं दुखावू शकतात. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने नाकावर मारा, टाचेने त्याचं पाऊल चेचा. मग तिथे क्षणभरही न थांबता उजेड आणि माणसं असतील तिकडे पळा, 112 फिरवा. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं बचावाचा हक्क देतात. प्रतिकार मात्र गरजेपुरताच हवा. हल्ल्याचा दोष मुलीचा कधीच नसतो. हे डाव वाचून अंगात मुरत नाहीत; घरातल्या मुलीसोबत, मुलासोबतही, आजपासून रोज दहा मिनिटं सराव करा.