पार्किंगमधला टर्बो

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडणं नवीन नाहीत. पण मागच्या गणपतीत सेक्रेटरी काका थेट घरी आले आणि बाबांना म्हणाले, "तुमच्या मुलीने स्लॉटमध्ये इंजिन टांगलंय!"

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुठलं?"

एस्टीमचं, बॉस! १२९८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. भंगारवाल्याकडून १४ हजारांत उचललेलं. एका ड्रॅग रेसवर लेख लिहायला गेले आणि टर्बोची ती शिट्टी डोक्यात जाऊन बसली. मैत्रिणीकडे फक्त ट्रॅकवर पळवायची जुनी एस्टीम आहे. तिच्यासाठी घरीच इंजिन बांधायचं आणि त्यावर टर्बो चढवायचा, असा फंडा. बजेट ६० हजार. फ्रीलान्सरच्या खात्यात तेवढेच होते.

'ट्रॅकवर' हा शब्द अंडरलाइन करा हं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल, दोन्हींचा अर्थ एकच. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी फारकत घेणारे बदल करून गाडी रस्त्यावर आणायची नाही.

आता टर्बोची गोष्ट थोडक्यात. धुराड्यातून वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. स्विस इंजिनीअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच याचं पेटंट घेतलं होतं. बाहेरच्या हवेचा दाब साधारण एक बार. टर्बोने त्यात अर्ध्या बारची भर घातली की ढोबळमानाने दीडपट हवा आत. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. सॉलिड ना?

लोचा इथेच आहे. दाबलेली हवा तापते. मग पिस्टनने ती आणखी दाबली, की ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. हेच ते नॉकिंग. ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने 'जेटफायर' आणली. टर्बो लावूनही कॉम्प्रेशन १०.२५ ला १ ठेवलं आणि नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी दिली. लोक ती टाकी भरायलाच विसरले! शेवटी बऱ्याच गाड्यांचे टर्बो काढून टाकावे लागले.

म्हणून बजेटमध्ये काम करायचं तर टर्बो सगळ्यात शेवटी घ्यायचा. आधी बोअरिंग-होनिंग, कॉम्प्रेशन कमी करणारे खोलगट डोक्याचे पिस्टन, चांगलं हेड गॅस्केट, मोठे इंजेक्टर. हे सगळं फोटोत दिसत नाही, पण पैसे तिथेच जातात.

हे सगळं मला व्हिडिओ बघून पाठ होतं. बाबांना विचारायचा प्रश्नच नव्हता. चॅनेलची नोकरी सोडल्यापासून दीड वर्ष आमचं बोलणं 'जेवलीस?' आणि 'हो' एवढंच. पिंपरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये त्यांनी ३१ वर्षं काढली होती, हेही मी सोयीस्करपणे विसरले होते.

त्या रविवारी ते खाली आले. पायात स्लीपर, खिशात फिलर गेज. हेड अजून चढवलं नव्हतं. ते शांतपणे ब्लॉककडे बघत उभे राहिले.

"रिंगांची गॅप किती ठेवलीस?"

"०.४ मिलीमीटर. साध्या इंजिनाला ०.३ चालते, पण टर्बोची उष्णता जास्त."

"चारही सिलिंडरला मोजलीस?"

मी गप्प. तीन मोजल्या होत्या. चौथ्याच्या वेळी एका लेखाची डेडलाइन होती, म्हणून पाकिटातून काढून तशीच चढवली होती.

"काढ."

जाम चिडले मी. अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पिस्टन बाहेर काढला, रिंग रिकाम्या सिलिंडरमध्ये सरळ बसवली, फटीत पातं घातलं. ०.२ चं गेलं, ०.२५ चं गेलंच नाही. बूस्टवर रिंग तापून फुगली असती, टोकाला टोक भिडलं असतं आणि सिलिंडर खरवडून पिस्टनचा काठ तुटला असता. सगळे साठ हजार पाण्यात.

बाबांनी बारीक कानस हातात दिली. "एकाच बाजूने घास. डेडलाइन तुझ्या पेपरची असते, याची नसते."

पुढचे सहा रविवार ते खाली यायला लागले. सेक्रेटरी काकासुद्धा खुर्ची घेऊन बसायला लागले. दिवाळीनंतर आम्ही स्टॅण्डवरच स्टार्टर मारून कॉम्प्रेशन गेज लावला. चारही आकडे जवळपास सारखे. हिशेब केला तर ५८ हजार संपलेले आणि टर्बो घ्यायचा बाकीच!

"आता?" बाबांनी विचारलं.

"पैसे जमले की. भंगारात डिझेल गाडीचा स्वस्तात मिळतोय एक."

"तो नको. पेट्रोलचा धूर डिझेलपेक्षा कितीतरी गरम असतो, ते चक्र टिकायचं नाही. आणि ऑइलचा परतीचा पाइप सरळ उतारावर ठेव, नाहीतर टर्बोत ऑइल तुंबेल."

दीड वर्षात ते एका दमात इतकं बोलले नव्हते. वर जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "लेखाचे पैसे किती दिवसांनी देतात गं तुझे लोक?"

मी खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "मग टर्बो पुढच्या गणपतीला."